रडत नाही म्हणून गुणी

आमच्या घरात पोरं जन्मतात ती बोंबलतच. मी तान्हा असताना असा रडायचो म्हणे, की औशाच्या बसस्टँडवर कंडक्टरनं मारलेली घंटी ड्रायव्हरला ऐकू जायची नाही. हे आई सांगते. आईच्या सांगण्यातलं निम्मं मी कायम वजा करतो, तरी उरतं ते काही कमी नसतं. अशा घरात माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, पहिला मुलगा झाला आणि तो रडेचना. जन्मल्यावर दवाखान्यात नर्सबाईंनी तळपायावर चापट्या दिल्या तेव्हा एकदा मांजराच्या पिल्लागत घोगरा आवाज काढला, तेवढाच. मग जो झोपला तो झोपलाच.

लातूरचा वेगळा जिल्हा होऊन फार काळ झाला नव्हता, आणि पावसानं लागोपाठ पाठ फिरवली होती. मी नव्या जिल्ह्यातल्या एका कचेरीत नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. माझ्याकडं टंचाईचं टेबल होतं. टेबल होतं म्हणजे खरोखर टेबलच होतं. खुर्ची मंजूर होऊन यायची होती. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसून टँकरचे कागद पुढं सरकवायचो आणि संध्याकाळी औशाला घरी येऊन अशा थाटात बोलायचो, की ढग अडवायची आणि सोडायची फाईलही माझ्याच सहीनं चालते. आमच्याच गल्लीत टँकर कधी येणार, हे मात्र मला शेजारच्या बायकांना विचारावं लागायचं.

टँकर आला की घरटी ठरलेल्या घागरी मिळायच्या. पण आमच्या गल्लीची एक रीत होती. ज्या घरात बाळंतीण असेल त्या घराला दोन घागरी जास्त. लंगोट, दुपटी धुवायला. कुणी ठराव केला नव्हता, पण त्या दोन घागरींवरून कधी भांडण झालं नाही, आणि एरवी तर पाण्याच्या रांगेत सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरायच्या.

आमच्या आईनं त्या दोन घागरी परत करायला सुरुवात केली.

"आमच्याला नगं गं. आमचा बाबा लंगोटच खराब करत न्हाई," असं ती रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची. "चार-चार दिवस शी न्हाई. टंचाई हाय हे त्याला पोटातच कळलंय."

बायका बघायला यायच्या. पोरगं डोळे मिटून पडलेलं. "लई गुणी लेकरू," म्हणायच्या आणि आपापल्या रडक्या पोरांना तिथंच एकेक धपाटा द्यायच्या. आईला तर त्याचं नामकरण म्हणजे सोहळाच वाटला. भंतेजींनी वंदना म्हटली, पोरांनी लाऊडस्पीकर लावला, बारक्यांनी फुगे फोडले, आणि हा सगळं पार पडेस्तोवर झोपलेला. मी पाहुण्यांना सांगत होतो, की मामावर गेलाय, कचेरीत नाव काढणार.

अंगानं तो पिवळा होता. पण आई रोज त्याला डाळीचं पीठ, हळद आणि तेल लावून न्हाऊ घालायची. थोड्या पाण्यात न्हाणं, त्यामुळं हळद काही पुरती निघायची नाही. म्हणून पिवळेपणाबद्दल कुणाला काही वाटलं नाही. सव्वा महिना होत आला तरी डोळ्यांचा पांढरा भागही पिवळाच होता. डोळ्यांत कुणी हळद लावत नसतं, हे पहिल्यांदा आक्काच्या ध्यानात आलं.

आक्का आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारी. मी सगळ्यात जास्त. त्यामुळं घरातले निर्णय मी जाहीर करायचो आणि ती घ्यायची. एका सकाळी ती चुलीपाशी येऊन आईला म्हणाली, "ह्याला दवाखान्यात न्यायचं हाय."

"कशाला? ताप न्हाई, हगवण न्हाई."

"तेच म्हणते मी. काहीच न्हाई. भूक बी न्हाई. मी तळव्याला टिचक्या मारते तवा दोन घोट घेतंय, मग दूध गालावरून खाली. पहाटं हात लावला की गार लागतंय, घाम येतोय, बोटं थरथरतेत. आई, हे गुणी न्हाई. हे काहीतरी दुसरंच हाय."

आई म्हणाली, "दृष्ट लागली असंल, सगळ्या गल्लीनं बघितलंय." पण आक्कानं तोवर दुपट्यात पोर गुंडाळलंही होतं.

लातूरचे डॉक्टर बारकाईनं बघणारे होते. त्यांनी पोट दाबलं, फुगलेली बेंबी बघितली, कातडी चिमटीत धरली, आवाज ऐकायला पोराला जरा हलवलं आणि म्हणाले, "थायरॉईडची शंका येते. गळ्यातली ग्रंथी. रक्त मुंबईला पाठवावं लागेल." रक्त काढलं, पण ते निघालं चमचाभर. मुंबईहून उत्तर आलं, की रक्त कमी होतं म्हणून एकच तपासणी केली, टीएसएचची, आणि ती नॉर्मल आहे.

नॉर्मल हा शब्द आमच्या घरानं पेढ्यासारखा वाटला. मी कचेरीतून येतानाच गल्लीच्या तोंडाशी ओरडून सांगितलं. अर्धापूरहून दाजी आले, म्हणजे आक्काचे मालक. त्यांच्या केळीच्या बागा पाण्यावाचून बसल्या होत्या, तेवढीच एक चांगली बातमी म्हणून तेही खूश झाले. आक्का तेवढी पोराचे तळवे चोळत बसली होती.

"आता काय झालं?" मी म्हणालो. "रिपोर्ट चांगला आलाय."

"कागद बरा हाय म्हणतेत. मला कागद झाला न्हाई, पोरगं झालंय. हे बघ, अजून पिवळंच हाय." तिनं त्याची मूठ माझ्या तळहातावर ठेवली. गार होती. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याखाली आम्ही सगळे घामानं निथळत होतो, आणि त्या मुठीला गारवा होता. माझी बडबड तिथंच थांबली, ही गोष्ट घरात अजून सांगितली जाते.

दाजी म्हणाले, "नांदेडला लहान पोरांच्या एक डॉक्टरीणबाई हायेत. अर्धापूरची माणसं जातात त्यांच्याकडं. लई खेकसतात, पण बघतात."

"खेकसू दे," आक्का म्हणाली.

आम्ही तिघं एसटीनं नांदेडला गेलो: आक्का, आई आणि पिशव्या धरायला मी. बाईंच्या दवाखान्यात बाहेर माठ होता आणि माठाला साखळीनं पेला बांधला होता. बाईंनी आक्काकडून सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलणाऱ्या मला दोनदा गप्प केलं, आणि पोराचा लंगोट सोडला.

थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या, "हे इतकं लहान आहे. कुणाच्या लक्षात नाही आलं?"

आईला राग आला. मुलगा झाल्याचं तिनं सगळ्या गल्लीला सांगितलेलं. "लहान लेकराचं लहानच असणार की बाई. मोठं हुईल तसं हुईल."

बाई हसल्या नाहीत. "आजी, माझं ऐका. महिना उलटला तरी कावीळ उतरली नाही. पहाटे गार घाम आणि थरथर, म्हणजे रक्तातली साखर उतरते. आणि हे. ह्या तीन गोष्टी वेगवेगळ्या आल्या असत्या तर मी वेगवेगळी औषधं दिली असती. तिन्ही एका लेकरात आल्यात, म्हणजे तिन्हींचं मूळ एका जागी असणार."

मी मुंबईचा कागद पुढं केला. म्हटलं, थायरॉईड तर नॉर्मल आहे.

"तुम्ही काय करता?"

"कचेरीत असतो. टंचाई बघतो."

"मग तुम्हाला कळायला पाहिजे. गळ्यातली ग्रंथी एक रस करते. त्यावर लेकराचं पोट, ऊब, जाग, सगळं चालतं. डोक्याची वाढही. पण ती आपल्या मनानं काम करत नाही. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी दुसरी ग्रंथी असते, ती वरून हुकूम सोडते. हा तुमचा आकडा त्या हुकमाचा आहे. रसाचा नाही."

"पण हुकूम तर बरोबर चाललाय."

"गळ्यातली ग्रंथी बिघडली असती तर रस आटला असता आणि वरून हुकमावर हुकूम सुटले असते. आकडा चढला असता, लातूरच्या डॉक्टरांनी तिथंच धरलं असतं. त्यांची शंका बरोबर होती. पण वरची ग्रंथीच आजारी असली तर? खाली रस आटलेला, आणि वर कुणाला त्याचं काहीच नाही. आकडा साधाच दिसतो. माणसं म्हणतात, नॉर्मल."

हे तर त्याच महिन्यात आमच्या कचेरीत घडून गेलं होतं. एका गावाला टँकर मंजूर होता. टँकर भरून उभा, ड्रायव्हर सावलीत विडी ओढत बसलेला, पण निघायचा हुकूम धड त्याच्यापर्यंत जातच नव्हता. आमच्या रजिस्टरात मात्र हुकमांचा रकाना नेहमीसारखा भरलेला. गावची माणसं रिकामे हंडे घेऊन कचेरीत आली तेव्हा आम्ही साहेबांना रजिस्टर दाखवलं. साहेब म्हणाले, "लोकांनी रजिस्टर प्यायचं का? गावात पाणी आहे का ते जाऊन बघा."

मी बाईंना हे सांगितलं. जरा लांबवूनच सांगितलं असणार, कारण त्यांनी मध्येच हात वर केला. "झालं. तेच करायचंय. गावात पाणी आहे का ते बघायचं. टी-फोर मोजायचा, म्हणजे तो रसच. आणि बरोबर कॉर्टिसॉल, अंगाला त्राण देणारा दुसरा रस. त्याचाही हुकूम त्याच वाटाण्यातून निघतो."

"आणि नसलं तर?" आक्कानं विचारलं.

बाई तिच्याकडं वळल्या, आवाज उतरवला. "तर गोळी आहे. रोजची, जन्मभराची. पण डोकं वाढायचे महिने हेच असतात. ते गेले की गोळीनं बाकी सगळं सुधारतं, तेवढं एक पुरतं भरून येत नाही. म्हणून मला घाई आहे."

आक्कानं बाही वर करून पोराचा हात पुढं केला.

या वेळी बाईंनी पुरेसं रक्त घेतलं. शीर सापडेना, दोन्ही हातांना टोचावं लागलं. पोरगं रडलं नाही. ओठ जरा वाकडे केले, एवढंच. आमच्या आईनं, जिनं त्याच्या न रडण्याचा गल्लीभर डंका पिटला होता, पदराचा बोळा तोंडात धरला आणि भिंतीकडं वळली. "रड की रे बाबा," एवढंच म्हणाली.

रक्त गरम होऊन चालणार नव्हतं. पोस्टानं मुंबईला पाठवलं तर वाटेत शिजेल, असं बाई म्हणाल्या. हैदराबादला त्यांच्या ओळखीची प्रयोगशाळा होती, तिथं सगळं एका ठिकाणी व्हायचं. कुणीतरी हातानं नेऊन द्यायचं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात परभणीच्या पुढं एकटा गेलो नव्हतो, हे सांगायची ती वेळ नव्हती.

बाईंनी रक्त यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी बाटलीत काढलं, बाटली थर्मासात, भोवती बर्फ. सकाळच्या गाडीत मी थर्मास मांडीवर घेऊन बसलो, आणि अंगावर दागिने असल्यागत सगळ्या डब्याकडं संशयानं बघू लागलो. समोर एक म्हातारे चाचा होते, नांदेडचे बांगडीवाले. लाखेच्या बांगड्या आणायला हैदराबादला निघालेले. मुदखेडला गाडी थांबली ती थांबलीच. ऊन वाढलं. थर्मासाच्या बुडाशी बोट लावलं तर मला ते कोमट वाटायला लागलं. थर्मास बाहेरून कोमटच असतो, हे शास्त्र मला तेव्हा आठवलं नाही.

चाचा बराच वेळ थर्मासाकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, अकेलेच पीते क्या चाय? आधा कप इधर भी देव."

"चाचा, चहा नाही. रक्त आहे."

बाकावरची माणसं सरकली. एक बाई पोराला घेऊन पलीकडच्या बाकावर गेली. मी घाईघाईनं सगळं सांगितलं: भाचा, झोप, वाटाण्याएवढी ग्रंथी, हुकूम, टँकर. माझ्या हिंदीत ते काय झालं असेल देव जाणे. चाचांनी त्यातलं कामाचं तेवढं घेतलं.

"बच्चे का है? और बरफ पिघलरा? तो सुबे से क्या मूं देख रा मेरा?"

ते उतरले. फलाटावर एक सरबतवाला गोणपाटात बर्फाची लादी गुंडाळून उभा होता. तो देईना, त्या दिवसांत बर्फ म्हणजे पाणीच, आणि पाणी कोण देतो. चाचा त्याच्याशी भांडले नाहीत. त्याला खिडकीपाशी घेऊन आले आणि मला म्हणाले, "इसको बता, कितना बडा है बच्चा." मी दोन्ही हात उचलून लांबी दाखवली. सरबतवाल्यानं माझ्या हातांमधल्या त्या मोकळ्या जागेकडं बघितलं, गोणपाट उघडलं आणि चांगलं ढेकूळ फोडून दिलं. थर्मास उघडला तर आतला बर्फ निम्म्याहून जास्त शाबूत होता. चाचांनी माझ्याकडं एक नजर टाकली. "नोकरी में भी ऐसाच करते क्या?" म्हणाले. मी हो म्हटलं.

हैदराबादला पोचेस्तोवर चाचांनी मला थर्मास खाली ठेवू दिला नाही. प्रयोगशाळेपर्यंत रिक्षात बरोबर आले, खिडकीतल्या माणसाला माझ्या आधी सगळी हकीकत सांगितली, टँकरसकट, आणि बांगड्यांच्या बाजाराकडं निघून गेले.

उत्तर बाईंना ट्रंककॉलवर आलं. हुकमाचा आकडा परत तसाच, साधा. रस मात्र जवळजवळ नाहीच. कॉर्टिसॉलही खालीच. आक्का तोवर अर्धापूरला सासरी आली होती आणि दर दोन-अडीच तासांनी पोराला उठवून पाजत होती, सासूबाई म्हणायच्या, निजलेलं लेकरू उठवू नये, ती म्हणायची, "उठवणार." आम्ही नांदेडला धावलो. आक्कानं पदर खोचून विचारलं, "गोळी कुठाय?"

"ही," म्हणून बाईंनी भलतीच गोळी दिली. "थायरॉईडची आत्ता नाही. आधी ही, कॉर्टिसॉलच्या जागेची. काही दिवस ही पोटात गेली की मग ती."

"बाई, महिने चाललेत म्हणलात तुम्हीच. आजार कळला, गोळी हाय, मग थांबायचं कशाला?"

"कारण शरीर मंद चाललंय म्हणून थोडक्यात भागतंय त्याचं. थायरॉईडची गोळी त्याला पळायला लावेल. पळायला लागलं आणि अंगात त्राण नसलं तर कोसळेल. आधी त्राण, मग पळणं. एक दिवस इकडचा तिकडं करायचा नाही."

आक्कानं ते दिवस कसे काढले ते मला माहीत आहे, कारण मी रजा टाकून तिथंच होतो आणि तिला धीर देत होतो. तिनंच एकदा सांगितलं, की तू धीर द्यायचं बंद केलंस तर मला जरा बरं वाटेल. मग बाईंनी दुसरी गोळी सुरू केली. गोळीचा बारका तुकडा दोन चमच्यांच्या मध्ये चुरायचा, चमचाभर आपल्याच दुधात कालवायचा आणि गालाच्या आतून सोडायचा. शेवटचा कण जाईपर्यंत ती चमचा बोटानं निपटायची.

आठवडाभर आम्हाला काही दिसलं नाही. आक्काला दिसत होतं. "आज पाय गरम हायेत," म्हणायची. मला ते गारच लागायचे. मग एका दुपारी आम्ही अंगणात जेवत होतो आणि आतून आवाज आला. घोगराच, पण लांब. थांबला आणि परत आला, चिडून आला. सासूबाई उठायला लागल्या. आक्कानं त्यांचा हात धरला.

"थांबा जरा. रडू द्या."

ती ताटावर तशीच बसून ऐकत होती. हातातला घास हातात. मग उठली आणि आत गेली.

गोष्ट इथं गोड करून संपवायचा मला मोह होतो, पण खरी काळजी त्यानंतरच सुरू झाली. बाईंनी साफ सांगितलं होतं, की लवकर आलात, पण आणखी लवकर यायला हवं होतं. डोक्याचं काय ते पोरगंच दाखवेल. मान केव्हा धरतो, आईकडं बघून केव्हा हसतो, आवाजाकडं केव्हा वळतो. मान त्यानं इतरांपेक्षा उशिरा धरली. चालला उशिरा. प्रत्येक उशिराला घरातलं कुणीतरी गोळीला दोष द्यायचं, आणि प्रत्येक पुढच्या पावलाला कुणीतरी म्हणायचं, आता बरा झालाय, बंद करा. आक्का दोन्ही वेळी तेच करायची: दोन चमचे घ्यायची. उलट्या झाल्या, ताप आला तर पहिली गोळी वाढवायची, हे तिनं दाजींना, सासूबाईंना, शेवटी शाळेच्या बाईंनाही पाठ करायला लावलं. मलाही. मी चुकीचं म्हटलं की परत म्हणायला लावायची.

त्याला गणित अवघड जातं. गणित मलाही अवघड जायचं आणि मला कुठलाही आजार नव्हता, म्हणून त्यावरून आम्ही कुणी काही ठरवत नाही. वाचतो भरपूर, बोलतो तर माझ्याइतकं.

तो चौथीत असताना मी त्या दोघांबरोबर रक्ततपासणीला गेलो होतो. तोवर आमच्याकडंही या तपासण्या व्हायला लागल्या होत्या. खिडकीतला मुलगा नवा होता. त्यानं चिठ्ठीवर टीएसएच लिहिलं आणि सुई काढली.

"टी-फोर बी लिहा," आक्का म्हणाली.

"ताई, थायरॉईडला टीएसएच बघितलं की झालं. तो नॉर्मल असला तर पुढचं कशाला?"

"ह्याचा नॉर्मलच येणार. ह्याचा कायम नॉर्मलच येतो. टी-फोर लिहा."

"सगळ्यांचं असंच करतो आम्ही."

"सगळ्यांचं करा."

मागं रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, बाई, आटपा. मी सवयीप्रमाणं वाटाण्यापासून सुरुवात करणार होतो, पण आक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं पोराची वर केलेली बाही परत मनगटापर्यंत खाली ओढली, गुंडी लावली आणि खिडकीसमोर उभी राहिली. मुलानं रांगेकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, पेन उचललं आणि लिहिलं. तिनं चिठ्ठी उलटी फिरवून वाचून बघितली, मग गुंडी सोडली.